भोजनार्थे अक्षता

देवझरीची राई तोडायची, असं मानाजीराजांनी ठरवलं. हत्तींसाठी सागवानी महाल हवा होता. हत्तींनी तो मागितला नव्हता, ही गोष्ट वेगळी!

राईतल्या झऱ्यावर सगळा गाव पाणी भरायचा. म्हणून गावानं आपणच नेम घालून घेतला होता: पडलेलं लाकूड तेवढं न्यायचं, उभ्या झाडाला कोयता लावायचा नाही. तिथल्या महादेवाची पूजा चिमा गुरवीण करायची. गावाच्या वतीनं तीच राजासमोर हात जोडून उभी राहिली. राई गेली की झराही जाईल, म्हणाली.

पण प्रधान दिनकरपंत मोठे हिशेबी. त्यांनी राजाला पटवून ठेवलं होतं, की महालाला लागून उरलेलं लाकूड विकलं, तर जितकी झाडं कमी होतील तितक्या मोहरा खजिन्यात वाढतील, बेरीज तीच. झरा आटलाच, तर त्याच्या बदली काहीतरी देता येईल. काय, ते मात्र त्यांनी अजून ठरवलं नव्हतं.

राजा हट्टाला पेटला. "ज्याच्या बदली दुसरं काहीच चालत नाही, असं राईतलं काहीतरी दाखव. सोमवारी तुझ्याच देवळात उपास सोडायला येतो. दाखवलंस तर राई राहील, नाहीतर कुऱ्हाडी पडतील."

श्रावणी सोमवार उजाडला. राजाचा उपास निर्जळी, म्हणून पंतांनाही भिडेखातर तसाच धरावा लागलेला. संध्याकाळी राजा पूजेला बसला, तर तबकात वस्त्र नाही, जानवं नाही. विसरलेच बाई, असं म्हणून चिमानं अक्षतांची वाटी पुढे सरकवली. रीतीप्रमाणे राजानं 'वस्त्रार्थे अक्षता, उपवीतार्थे अक्षता' म्हणत दोन्हींच्या बदली त्याच वाहिल्या.

पंतांना चेव आला. "पाहिलंस, चिमाबाई? प्रत्यक्ष महादेवालाही बदली चालते!"

"खरंच की, पंत," चिमा नम्रपणे म्हणाली. "माझ्या ध्यानातच आलं नव्हतं."

मग तिनं पानं मांडली. राजाच्या पानावर चिमूटभर अक्षता, पंतांच्या पानावर चिमूटभर अक्षता. राजानं घाईघाईनं तांब्या उचलला, तर आतही अक्षताच खुळखुळल्या.

"हे काय गं?" राजाच्या घशाला कोरड पडली होती.

"पानावर भोजनार्थे अक्षता, महाराज, आणि तांब्यात जलार्थे. पंतांच्या हिशेबानं बेरीज तीच."

"अगं, देवाला चालतं ते आम्हाला कसं चालेल?"

"देवाला तहान लागत नाही, महाराज. म्हणून त्याला चालतं."

राजानं पंतांकडे पाहिलं. पंत झऱ्याकडे पाहत होते. राजा खदखदून हसला. "राई गावाची, नेमही गावाचा, आणि तो मलाही लागू. राखण चिमाबाईची. पण बाई, आता पाणी आण!"

चिमानं झऱ्याची भरलेली घागर पुढे आणली. राजा पोटभर पाणी प्यायला आणि तोंड पुसून म्हणाला, "प्रधानजी, तुम्हीही प्या. या महिन्याचं तुमचं वेतन मात्र ठरलं. वेतनार्थे अक्षता!"

हत्ती झाडाखालीच राहिले. त्यांची काही तक्रार आली नाही.