सभेतली ओल

त्या राज्यात सगळी भांडी मातीची होती, आणि ज्याला तडा गेला त्याला उतरंडीत जागा नव्हती. तडा शेजारच्याला लागतो, अशी समजूत होती. लागलेला कुणी पाहिला नव्हता. पण समजुतीला साक्षीदार कुठे लागतात?

उतरंडीतून काढलेली भांडी गावाबाहेरच्या बाभळीखाली जात. बरीचशी तिथे पालथी होऊन बसत, आणि पालथ्यात मग काही भरत नाही. एक घागरही तशीच बसली होती. कितीतरी दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही. शेवटी तिने विस्तवावर लाख मऊ केली, तड्यात भरली आणि नदीवर गेली. पाणी राहिलं. लाख रोज लावावी लागे, एकही दिवस चुकवून चालत नसे. पण पाणी राहत होतं. तेव्हापासून तिचं नाव लाखी पडलं.

नवीन कुणी आलं की लाखी त्याच्याशेजारी जाऊन नुसती बसे. बऱ्याच वेळाने आपला तडा दाखवी. मग ते भांडं सुलटं होई, लाख लावायला शिके, नदीवर जाऊन भरे आणि आपल्या वाटेने निघून जाई. पुढे रस्त्यात भेटलं तर ओळख देत नसे. लाखीला वाईट वाटे, पण ती कुणाला हाक मारीत नसे.

पालथ्यांची संख्या फार वाढली, तेव्हा सभेला जाग आली. तडा गेलेल्यांची समजूत घालण्यासाठी एक जागा काढण्यात आली, आणि जो नेमला जाईल त्याला उतरंडीत बैठक मिळणार होती. पहिली नेमणूक सुरईची झाली. तिला तड्यांचे सगळे प्रकार तोंडपाठ होते. बिचारी मनापासून बोले, पण चार हात लांबून. भांडी मान डोलावत आणि ती वळली की पुन्हा पालथी होत. दोन महिन्यांत सुरई थकून परतली.

जागा पुन्हा निघाली आणि लाखीने अर्ज केला. मानाचं तिला काही नव्हतं. काम करून परतल्यावर शेजारी कुणीतरी असावं, एवढंच तिला हवं होतं.

सभेची रीत अशी, की उमेदवाराने रिकामं यायचं. सभापती रांजण त्याला लाकडी टिपरीने वाजवून पाही. खणखणीत वाजला तो पात्र, बद्द वाजला तो बाद. रांजणाला मात्र आजवर कुणी वाजवलं नव्हतं. तो सदा भरलेला असे, आणि वाजवणाऱ्याला वाजवणार कोण?

आठ दिवसांपूर्वी, भर दुपारी रस्ता निर्मनुष्य असताना, हाच रांजण बाभळीखाली आला होता. त्याच्या बुडाशी तडा होता. लाखीने त्याला लाख दिली, रोज लावायला सांगितलं. कुणाला कळता कामा नये, असं तो तीनदा म्हणाला होता.

आता लाखी सभेत आली ती गळ्यापर्यंत भरून. सभासद कुरकुरले. रांजणाने तिच्याकडे न पाहता तिला रिकामी होऊन यायला सांगितलं.

"वाजवून काय कळणार?" लाखी म्हणाली. "पहाटे भरलेय मी. पाणी कुठवर आहे, तेवढं बघा."

पाणी बघण्याची रीत नाही, असं तिला सांगण्यात आलं. तेवढ्यात एका सभासदाची नजर जमिनीवर गेली. रांजण आणि लाखी यांच्या मधोमध ओल आली होती.

"ही कुणाची?" त्याने विचारलं.

सभा पहाटेपासून भरलेली होती. चारचौघांत रांजणाला लाख लावता आली नव्हती. त्याच्या हातातली टिपरी थांबली. लाखीने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग ती दोन पावलं पुढे सरकली आणि ओलीवर उभी राहिली.

"माझीच असेल," ती म्हणाली.

सभासदांना हायसं वाटलं. वाजवण्याचीही गरज उरली नाही. अर्ज बाद झाला. लाखी एकटीच बाभळीकडे निघाली. तिचं पाणी पहाटे होतं तिथेच, गळ्यापर्यंत होतं.

पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं गेलं. तो आत आला आणि मध्येच थबकला. लाखी जिथे उभी होती तिथली ओल अजून पसरत होती.