कमानीखाली कोण उभे राहणार?

गवंड्यांची रीत जुनी होती. कमानीचे लाकडी आधार काढताना ती बांधणाऱ्याने खाली उभे राहायचे. गेल्या वर्षी सरदार रणधीररावांच्या घाईपायी गावच्या वेशीची कमान चुना मुरण्याआधीच मोकळी केली, आणि लखमा गवंड्याचा थोरला मुलगा सटवा कोसळत्या कमानीखाली चिरडून गेला.

लखमाने मुकाट्याने कमान पुन्हा उभारली. आता चुना मुरायला चार महिने हवे होते. पण सरदार घोड्यावरून आले आणि म्हणाले, "आठ दिवसांनी आमच्या मुलीची वरात इथून जायची आहे. उद्या आधार काढ."

"चुना अजून ओला आहे, सरकार."

"मग तुझ्या धाकट्याला उभा कर खाली. रीत तुमचीच ना?"

लखमाने धाकट्याकडे पाहिले. मग वेशीवर बसवायच्या, भिंतीला टेकवलेल्या शिळेवरची धूळ त्याने पंच्याने पुसली. "सरकार, मला वाचता येत नाही. यावर काय कोरलंय?"

"ही वेस सरदार रणधीरराव यांनी बांधली," सरदार ऐटीत म्हणाले.

"मग रीतीप्रमाणे उद्या आपणच उभे राहा. आधार मी काढतो."

सरदारांनी मान वर करून कमान पाहिली आणि घोडा मागे घेतला. "मुरू दे तुझा चुना."

वरात गावाच्या मागच्या दरवाजाने गेली.

चार महिन्यांनी आधार निघाले, तेव्हा लखमा स्वतः खाली उभा राहिला. एक खडाही पडला नाही.

"लखमादादा, काय बोललात त्या दिवशी सरदारांना!" लोक म्हणाले.

"वर्षभर उशिरा बोललो," लखमा म्हणाला, आणि सटवा पडला होता त्या जागेवरून हलला नाही.