वाकड्या तोंडाचं यंत्र

बोरवडीच्या महाराजांच्या न्हाणीघरातली मोरी तुंबली आणि महाराज हट्टाला पेटले. मोरी फोडायची नाही, नळ उकरायचा नाही, आणि आत काय अडकलंय हे कुणी विचारायचंही नाही! शहरातून तीन यंत्रं आली होती. त्यातलं एकच निवडायचं, तेही पहिल्या झटक्यात.

हे घोंगडं हौसा तांबटणीच्या गळ्यात पडलं. वडिलांची नजर गेल्यापासून राजवाड्याचं नळकाम तीच बघायची, आणि त्या कामापोटीच बापलेकीला मागच्या आवारात दोन खोल्या मिळाल्या होत्या.

"चुकलीफ तर फामान उचलायचं," महाराज तोंडावर रुमाल धरून म्हणाले. दोन दिवस त्यांना 'स' म्हणता येत नव्हता. सर्दी झालीय, असं कारभाऱ्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं होतं.

कारभारी यंत्रं दाखवू लागले. "हे पहिलं. लांब स्प्रिंग, टोकाला पोलादी पाती. आत असेल त्याचा भुगा!"

महाराजांनी रुमाल आणखी घट्ट धरला.

"दुसरं पाण्याच्या जोरावर चालतं. असेल ते ढकलत थेट बाजारातल्या गटारात."

महाराजांच्या कपाळाला घाम फुटला.

"आणि हे तिसरं. हातानं फिरवायची तार, टोकाला वाकडा आकडा. पाठवणाऱ्यानं अडगळ काढलेली दिसते."

दरबार हसला. हौसा मात्र महाराजांच्या रुमालाकडे बघत होती.

"महाराज, मोरीचं विचारत नाही. पण दोन दिवस जेवायला काय घेतलंत?"

"मोरीचा आणि जेवणाचा काय संबंध?" कारभारी खेकसले.

"पेज," महाराज पुटपुटले.

"आणि वर सुपारी?"

"फुपारी बंद!" महाराजांनी डोळे वटारले. "फार बोललीफ तर दात घफात घालीन!"

"कुणाचे, महाराज?" हौसानं भाबडा चेहरा करून विचारलं.

महाराजांनी रुमाल नाकापर्यंत ओढला. हौसानं तिसरं यंत्र उचललं, न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावली.

तार हळूहळू आत सरकली. आकडा कशाला तरी लागला, निसटला, परत लागला. आंधळ्या बापाला घेऊन जायचं कुठं, हा विचार बाजूला सारून ती तार फिरवत राहिली. तिनं श्वास रोखून तार ओढली, आणि मोरीनं गटागटा पाणी पिऊन टाकलं.

ती बाहेर आली ती झाकलेली चांदीची वाटी घेऊन. वाटी घेऊन महाराज पडद्याआड गेले आणि रुमालाशिवाय परत आले.

"शाब्बास, हौसे! सुरेख काम केलंस!"

सर्दी अशी एकदम पळालेली पाहून राजवैद्य बुचकळ्यात पडले.

"पण निघालं तरी काय?" कारभाऱ्यांना राहवेना.

"ते विचारायचं नाही असा हुकूम आहे, कारभारीसाहेब."

"मग एवढी मोठी दोन यंत्रं सोडून हे वाकड्या तोंडाचंच का निवडलंस, ते तरी सांग."

"पहिलं सापडेल ते चावतं, दुसरं चारचौघांत ओकतं," हौसा म्हणाली. "हे बिचारं नुसतं दात काढतं."

महाराज असे खदाखदा हसले, की शेवटच्या रांगेतल्यालाही त्यांची बत्तिशी दिसली. मागच्या दोन्ही खोल्या तिथल्या तिथे हौसाच्या नावावर झाल्या.

"आता सुपारी आणा," महाराज डोळे पुसत म्हणाले. "आणि हौसे, त्या मोरीला आधी जाळी बसव!"