एक साक्षीदार कमी

दुसऱ्या कुणाचा हक्क नसलेलं, निर्वेध घर देतो असं लिहून देऊन भाऊसाहेब उमराणींनी शर्वरीकडून इसार घेतला, आणि मालमत्तापत्रकावर निघालं त्यांच्या बहिणीचंही नाव! नोंदणी कचेरीत तिसरी खेप घालणारी शर्वरी पार वैतागली होती.

"अहो, ताईची काडीची हरकत नाही! आज सही करा, नाहीतर इसार बुडाला समजा," म्हणत त्यांनी टेबलावर हात आपटला.

शर्वरी दचकली, पण म्हणाली, "करते की. फक्त एक साक्षीदार कमी पडतोय. ताईंनाच बोलवा ना."

"तिला? ती इथे आली तर खरेदीखत फाडून टाकेल!"

निबंधकसाहेबांनीसुद्धा मान वर केली.

"मग काका, हरकत याहून वेगळी कशी असते? करार मी नाही, तुम्ही मोडलात. माझा इसार काढा."