गुंड्याच्या उड्या

खूप मागची गोष्ट, पण वेळ पक्की आहे, सकाळचे सव्वासात. तापातून उठलेलं गुंड्या नावाचं करडू त्या दिवशी पहिल्यांदा अंगणात उड्या मारायला लागलं. त्याच्या आईचा, चांदी शेळीचा, जीव भांड्यात पडला.

दारात बांधलेला शर्यतीचा घोडा म्हणाला, "अरे, गाठायचंय काय तुला? त्या ओट्यावर चढलास तर खरी कसरत. नाहीतर नुसता धिंगाणा!"

गुंड्या ओट्यावर चढायला गेला, दोनदा आपटला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. दुपारी दूधही पिईना. चांदी तरातरा घोड्यासमोर आली.

"काय हो घोडेदादा, माझ्या लेकराला ओटा कुणी मागितला होता?"

"काहीतरी ध्येय नको का?"

"तुम्हाला शर्यत जिंकायची, तुम्ही ठेवा की! त्याला नुसतं अंग मोकळं करायचंय, भूक लागायचीय. आजारातून उठलेल्या पोराच्या उड्या बंद पाडल्यात तुम्ही!"

घोड्यानं मान खाली घातली. कोपऱ्यातून गुंड्यानं एक उडी मारली, मग एक वाकडीतिकडी, आणि धापा टाकत येऊन आईला लुचायला लागला.

घरात कुणी उगाच नाचत असेल, तर कुठवर पोचलास म्हणून विचारू नका. शेजारणीलाही एवढं सांगा.