बरणीची धुरी आणि वैद्यबुवांचं मलम

नदीकाठच्या एका गावात विसोबा नावाचे एक वैद्य होते. त्यांच्या हिरव्या मलमाने कसलीही जखम भरून येई. गावाला त्याची इतकी चटक लागली, की काटा रुतला तरी मलम, डास चावला तरी मलम! आणि ठणका थांबला, की डबी फडताळात. विसोबांनीही कधी कुणाला नाही म्हटलं नाही. वाहवा कुणाला नको असते?

होता होता जखमांनाच मलमाची सवय झाली. केरू सुताराच्या हाताला पटाशी लागली, तेव्हा मलम लावूनही हात सुजतच चालला.

"वैद्यबुवा, हात गेला तर रंधा कशानं धरू?" केरू रडवेला झाला.

विसोबांच्या तोंडचं पाणी पळालं. दोष केरूच्या नशिबावर ढकलावा, असं क्षणभर त्यांना वाटलं. पण जीभ रेटेना.

"केरू, माझं मलम हरलं," ते म्हणाले. "मला थोडा अवधी दे."

घरी त्यांच्या वहिनी निखाऱ्यावर हिंग टाकून लोणच्याची रिकामी बरणी त्यावर पालथी धरून बसल्या होत्या.

"वहिनी, ही धुरी कशाला?"

"अहो भाऊजी, वर्षभर चाटून खाता ना लोणचं? धुरी दिली नाही तर नासेल की ते!"

विसोबा थबकले. जे लोणचं नासू देत नाही, ते जखम तरी नासू देईल का? त्यांनी मसाल्याचा डबाच उचलला. वाट्यावाट्यांत पेज ओतली, प्रत्येकीत केरूच्या जखमेतला पू कालवला आणि वेगवेगळा मसाला घातला. हळदीची वाटी नासली, मोहरीचीही नासली. हिंग-लवंगेची तेवढी टिकली. मग हिंग-लवंगेचा ताजा लेप करून त्यांनी तो आधी स्वतःच्या हाताला लावून पाहिला, मग केरूच्या.

हळूहळू सूज उतरली. केरूच्या हाताला फोडणीचा वास येई, पण हात वाचला! तो पाया पडायला आला, तेव्हा विसोबांनी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि मसाल्याच्या डब्यापुढे आधी स्वतःच हात जोडले. त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्याच दिवशी पाटील खरचटलेलं बोट घेऊन हजर. "तो नवा लेप द्या बुवा."

"बोट स्वच्छ धुवा पाटील, आपोआप भरेल," विसोबा म्हणाले. "ज्यानं केरूचा हात वाचवला, तो लेप मी आता उधळायचा नाही."

पाटील फणकाऱ्याने निघून गेले. विसोबांना त्याचं काही वाटलं नाही.

तात्पर्य: जे आपल्याला वाचवतं, त्याचे उपकार नुसते हात जोडून फिटत नाहीत, ते जपून वापरावं लागतं.