रंभाचं झाकण

खाडीच्या तोंडाशी शिंपलेवाडी नावाचं गाव आहे, आणि त्या गावात भालचंद्र तांडेल नावाचा एक भोळा रंगारी राहत होता. सगळे त्याला भालू म्हणत. तो होड्यांवर नावं रंगवायचा. हात सुरेख होता, पण सांगावं तेवढंच करायचा आणि सांगावं तसंच करायचा. एका होडीवाल्याने सांगितलं, "नाव ठळक लिही." भालूने सुंदर अक्षरांत होडीवर लिहिलं, 'नाव ठळक'. ती होडी अजून त्याच नावाने समुद्रात जाते.

त्याची बायको वृंदा मोठी हुशार. ती तालुक्याच्या मत्स्य महाविद्यालयात प्रयोगशाळा सांभाळायची. घरी बाहेरच्या खोलीत तिने उंच कट्ट्यावर खाऱ्या पाण्याची काचेची टाकी मांडली होती. टाकीत पोवळी होती, जांभळी, हिरवी, वाऱ्यावर डोलावीत तशी डोलणारी. ती समुद्रातून उपटून आणलेली नव्हती, टाकीतच वाढवलेली होती. तीन वर्षं खपून तिने ती जगवली होती. त्यांच्यामधून एक बोटभर मासा फिरायचा, पुढून पांढरा, मागून पेटल्यासारखा लाल. नाचरा म्हणून वृंदाने त्याचं नाव रंभा ठेवलं होतं. भालू रोज सकाळी रंभासमोर बसून चहा प्यायचा.

एका रविवारी रंभाने उडी मारली, ती थेट भालूच्या बशीत. नशीब, चहा पिऊन झाला होता. वृंदाने तिला ओंजळीत धरून पाण्यात सोडलं आणि टाकीवर प्लायवूडची फळी ठेवली. दोन दिवसांत पाणी तापलं आणि पोवळी मिटून गेली. फळी काढली. पोवळी उमलली. रंभा पुन्हा काठाशी घिरट्या घालू लागली.

"झाकावी तर पोवळी जातील, उघडी ठेवावी तर रंभा जाईल," वृंदा म्हणाली. "करायचं काय?"

"तू म्हणशील ते," भालू म्हणाला.

नेमकं तेव्हाच वृंदाला सहा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी गोव्याला जावं लागलं. सोमवारी सकाळी पिशवी खांद्याला लावून ती म्हणाली, "झाकणाचं मी तिथे जाणत्या लोकांना विचारते. तोवर उघडं ठेवा. झाकलं की आतला जीव गुदमरतो. वारा खेळता राहिला पाहिजे. समजलं?"

"समजलं."

ती गेली. भालू टाकीकडे बघत बसला. मग त्याच्या मनात आलं, घरात झाकलेलं आणखी किती आहे! त्याने दुधाच्या पातेल्यावरचं झाकण काढलं. लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला. तांदळाचा डबा उघडला, पिठाचा उघडला, मिक्सरच्या भांड्याचंसुद्धा झाकण काढून मांडणीवर ठेवलं. सगळ्या खिडक्या उघडल्या. वारा खेळू लागला. पीठही खेळू लागलं. मांजराने दूध संपवलं, मुंग्यांनी लोणचं गाठलं.

संध्याकाळी वृंदाचा फोन आला.

"रंभा कशी आहे?"

"छान. दूध मात्र मांजराने प्यायलं."

"झाकलं नव्हतं?"

"त्याचा जीव गुदमरला असता."

"अहो, ते टाकीचं सांगितलं होतं. हे बघा, मांजर ज्याला तोंड लावील ते झाकायचं आणि वर काहीतरी जड ठेवायचं. समजलं?"

"समजलं."

मंगळवारी दुपारी शेजारचे मोरेश्वरकाका तळलेले बांगडे जेवून आपल्या ओटीवर आडवे झाले. एक हात खाली लोंबत होता. मांजर आलं आणि काकांची बोटं चाटू लागलं. भालूने कुंपणावरून ते पाहिलं. तो धावत गेला, कोंबड्यांचं डालं उचललं आणि काकांवर डोक्यापासून पोटापर्यंत पालथं घातलं. वर पाटा ठेवला. मग वरवंटाही ठेवला.

काका जागे झाले.

"कोण आहे रे? अंधार का झाला?"

"मी भालू. झोपा तुम्ही, काका. मांजर आता काही करत नाही."

"अरे, मला बाहेर काढ!"

"मांजर अजून बसलंय."

काकांनी पाय झाडले. वरवंटा घरंगळला, पाटा अंगणात पडला आणि डाल्यातून काका बाहेर आले. केसांत कोंबड्यांची पिसं होती. त्या दिवशी वृंदाला फोन काकांनीच केला. ते बराच वेळ बोलले. मग त्यांनी फोन भालूकडे दिला.

"अहो, जित्या माणसावर डालं घालतात का?" वृंदा म्हणाली. "तुम्ही आता कशालाच हात लावू नका. लांब बसायचं आणि नुसतं लक्ष ठेवायचं. समजलं?"

"समजलं," भालू म्हणाला. त्याला काकांचं वाईट वाटलं होतं. ह्यापुढे चुकायचं नाही असं त्याने ठरवलं.

बुधवारी भर दुपारी एक माणूस उघड्या दाराने आत आला. खोलीच्या कोपऱ्यात भालू स्टुलावर मांडीवर हात ठेवून बसला होता. माणूस दचकला.

"काय करतोस?" माणसाने विचारलं.

"लक्ष ठेवतोय."

"कशावर?"

"सगळ्यावर."

माणसाने इकडे तिकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर उचलला. भालू बघत होता. माणसाने भिंतीवरचं घड्याळ काढलं. भालू बघत होता.

"ह्या भांड्याचं झाकण कुठे आहे?"

भालूने हात लावला नाही. नुसतं मांडणीकडे बोट दाखवलं.

चोर झाकण घेऊन दारापर्यंत गेला आणि थांबला. "तू ओरडणार नाहीस?"

"तसं काही सांगितलेलं नाही."

चोराने त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि मग असा पळाला की एक चप्पल दारातच राहिली.

संध्याकाळी भालूने फोनवर सगळं सांगितलं. "उजव्या गालावर तीळ होता. शर्टाचं तिसरं बटण तुटलेलं. घड्याळ त्याने दोन वाजून दहा मिनिटांनी काढलं. मी एकदासुद्धा नजर हलवली नाही."

वृंदाला हसावं की रडावं ते कळेना. ती थोडी रडली, मग म्हणाली, "जाऊ दे. तुम्हाला काही झालं नाही ना? आता ऐका. अनोळखी माणूस घरात शिरला की बाहेर यायचं, बाहेरून कडी घालायची आणि ओरडून गाव गोळा करायचं. समजलं?"

"समजलं."

गुरुवारी सकाळी वृंदाच्या महाविद्यालयातले हर्डीकर सर आले. समुद्री टाक्यांमधलं त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. वृंदाने त्यांना मुद्दाम विनंती केली होती, की जाता जाता टाकी बघा आणि झाकणाचं काय करावं ते सांगा. भालूलाही ती कळवणार होती, पण वर्गात असल्यामुळे तिचा फोन बंद होता.

"टाकी इथेच ना?" सर म्हणाले आणि चपला काढून आत गेले.

भालूने त्यांना कधी पाहिलं नव्हतं. तो अदबीने उठला, बाहेर आला, कडी घातली आणि ओरडला, "चोर! चोर!"

गाव धावलं. कोणाच्या हातात वल्हं होतं, कोणाच्या हातात विळी. एक म्हातारी तर रिकाम्या हातांनीच बाह्या सरसावून आली. खिडकीच्या गजांतून सर बाहेर बघत होते. मोरेश्वरकाकांनी त्यांना ओळखलं.

"अरे भालू, हे कॉलेजचे सर आहेत! कडी काढ!"

"वृंदाने कडी घालायला सांगितलंय. काढायला सांगितलेलं नाही."

काकांनी कडी काढेपर्यंत दहा मिनिटं गेली. तेवढ्यात सरांनी टाकी नीट बघून घेतली होती. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. भालूने हात जोडले.

"सर, चुकलं. पण तेवढं सांगून जा. झाकायची की नाही?"

सर रागात होते, पण प्रश्न त्यांच्याच विषयातला होता. त्यांच्याने राहवेना.

"मासा उडणारच," ते चप्पल शोधत म्हणाले. "तो त्याचा स्वभाव. उडाला तरी परत खाऱ्या पाण्यातच पडला पाहिजे. एवढं झालं की काम झालं. आणि वरून उजेड, वारा अडता कामा नये. कसं करायचं ते वृंदाला कळेल."

आणि ते तरातरा निघून गेले.

संध्याकाळी वृंदाचा फोन आला. कडीची गोष्ट ऐकून तिने कपाळावर हात मारला, तो भालूला फोनमधून ऐकू आला. मग तिने विचारलं, "सर काय म्हणाले?"

"मासा उडाला तरी खाऱ्या पाण्यातच पडला पाहिजे. उजेड आणि वारा अडायला नको."

"बरोबर बोलले. अहो, एवढी एक गोष्ट माझ्यासाठी करा. आता तुमचं डोकं चालवू नका. सर म्हणाले ते शब्दन् शब्द खरं धरा. मी शनिवारी येतेच आहे. समजलं?"

"समजलं."

शुक्रवारी सकाळी भालू रंभासमोर चहा घेऊन बसला. रंभा उडाली तर कुठे पडेल? खुर्चीवर. तिथे पाणी नव्हतं. टेबलाखाली? तिथेही नव्हतं. दाराजवळ? कपाटामागे? त्याने सगळ्या खोलीत फिरून पाहिलं. कुठेच पाण्याचा थेंब नव्हता. इतके दिवस बिचारी कुठल्या भरवशावर राहिली होती!

होडीच्या फटी कशा बुजवायच्या ते त्याला ठाऊक होतं. त्याने काथ्या आणला, डांबर आणलं. आतली दारं बुजवली, मोऱ्या बुजवल्या, बाहेरच्या दाराच्या फटी आतून बुजवल्या. मग खिडकीचे दोन गज काढून तो तिथून बाहेर आला आणि मोरेश्वरकाकांकडे गेला.

"काका, तुमचा पंप हवा होता. खाडीचं पाणी घ्यायचंय. भरती आहे तोवर."

"कशाला रे?"

"सरांनी सांगितलंय."

सरांचं नाव ऐकून काकांनी पंप दिला. गुरुवारनंतर सरांच्या बाबतीत त्यांना आणखी गोंधळ नको होता.

शुक्रवारची भरती आणि शनिवारची भरती, दोन्ही भरत्या भालूने कामी लावल्या. विजेची बटणं उंचावर होती हे त्या घराचं भाग्य. पाणी घोट्यापर्यंत आलं, गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. खुर्च्या तरंगल्या. उशा तरंगल्या. वृंदाची पुस्तकं मात्र त्याने आधीच माळ्यावर नेऊन ठेवली होती. तेवढं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

शनिवारी दुपारी वृंदा बसमधून उतरली. तिच्या काखेत कागदात गुंडाळलेली एक चौकट होती. त्या चौकटीवर बारीक पांढरी जाळी ताणून बसवलेली होती. गोव्याला सगळ्यांनी तेच सांगितलं होतं: टाकीवर जाळी घाला, उजेड येतो, वारा येतो, मासा जात नाही. सहा दिवसांनी घर दिसल्यावर तिला बरं वाटलं. घर जागेवर होतं. दारातून थोडं पाणी झिरपत होतं. भालूने अंगण शिंपलं असेल, असं तिला वाटलं.

"अहो, आले मी!"

"दार ओढू नकोस!" आतून भालू ओरडला. "खिडकीतून ये!"

पण ते दार बाहेर उघडणारं होतं आणि वृंदाने ते ओढलं होतं.

पहिल्यांदा पाणी आलं. मग पाट आला, खुर्च्या आल्या, उशा आल्या, चोराची चप्पल आली आणि शेवटी धुण्याच्या मोठ्या घमेल्यात बसलेला भालू आला. वृंदा पायऱ्यांवरून तुळशीपर्यंत वाहत गेली. चौकट तिने डोक्यावर धरून ठेवली होती. कुंपणापलीकडे मोरेश्वरकाका लुंगी सावरून खुर्चीवर चढले.

पाणी ओसरलं. वृंदा उठली, कपाळावरचा शेवाळाचा तुकडा काढला आणि आधी आत धावली. टाकी जागच्या जागी होती. पोवळी डोलत होती. रंभा काचेला तोंड लावून बाहेरची सगळी गंमत बघत होती.

वृंदा उंबऱ्यावर बसली आणि हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मग तिने चौकट भालूपुढे धरली.

"अहो, एवढीशी जाळी टाकीवर ठेवायची होती! एवढंसं झाकण!"

भालूने जाळी पाहिली. बोटाने टोचून पाहिली. मग त्याने ओल्याचिंब भिंतींकडे पाहिलं आणि हळूच वर कौलांकडे पाहिलं.

"झाकणाचा विचार मी केला होता," तो म्हणाला. "ते आहेच की. फक्त जरा उंच बसलंय, तिथवर पाणी न्यायला अजून दोन भरत्या लागल्या असत्या."